कवड्यांच्या देशी दिलेली

मोहिनीला मालदीवच्या एका बेटावर नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पहिलं विचारलं, "घर बघायला कवा जायाचं?"

रामकिसनदादाचा जन्म मेंढरांमागे गेला. लेक द्यायची तर आधी गाव बघावं, विहिरीचं पाणी पिऊन बघावं, ही त्याची रीत. थोरल्या लेकीला, बबिताला, घाटनांदूरला दिली तेव्हा तो दोनदा गुपचूप जाऊन आला होता.

"आबा, नोकरी हाय. लगीन न्हाई," मोहिनी म्हणाली.

"परक्या गावीच जायाचं ना?"

बेट काही बघता येईना. मग मोबाईलवर वाचून दाखवायचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. वहिनी असती तर तिने दोघांनाही गप्प केलं असतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली.

"देश केवढा हाय?" दादा तंबाखू मळत बसला.

"बाराशेच्या आसपास बेटं. माणसं राहतात ती दोनशेबी न्हाईत. सगळी मिळून पाच लाख माणसं, त्यात कामाला गेलेली परकीबी लई."

"डोंगर?"

"न्हाई."

"एखादा माळ तर असंल?"

"न्हाई दादा. सगळ्यात उंच जागा दीड पुरुषभर."

"मग नदीबी नसंल."

"पावसाचं पाणी टाकीत धरत्यात. न्हाईतर समुद्राचं मशीनीत गोड करून पित्यात."

दादाचा हात थांबला. "समुद्र चढला तर मेंढरं कुठं घालायची?"

"तिथं मेंढरं न्हाईत."

"माणसं हायती ना?"

याला मोबाईलमध्ये धड उत्तर नव्हतं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा चढतोय, सरकार वाळू उपसून नवी बेटं रचतंय, एवढंच होतं. दादाने तंबाखू तोंडात टाकली आणि मान हलवली. नकारच तो.

मोहिनी मला आत घेऊन गेली. "आत्या, दोनच वर्षांचा करार हाय. न्हाई जमलं तर परत येते की. हितलं घर कुठं पळून चाललंय?"

म्हणून मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसले आणि त्या देशाचा इतिहास काढला. तिथले लोक आधी बौद्ध होते, मग मुसलमान झाले, शेकडो वर्षं सुलतानांचं राज्य होतं.

"आपणबी निजामाचेच. त्याचं काय न्हाई," दादा म्हणाला.

"आन कवड्या तिथल्याच. जहाजं भरून आपल्याकडं यायच्या. पैशासारख्या चालायच्या बाजारात."

दादा उठला. देवघरात आमच्या आजीची कवड्यांची माळ आहे, नवरात्रात ती गळ्यात घालून आजी जोगवा मागायची. ती त्याने तळहातावर घेतली.

"ह्या तिथल्या?"

"असतील."

"मग सोयऱ्याचंच गाव की."

सोयरीक जमली. एवढं सोपं होतं तर डोंगर-नद्यांत मी कशाला वेळ घालवला, कुणास ठाऊक.

जायच्या दिवशी दादाने शेजारच्या वत्सलाबाईला ओटी भरायला बोलावलं.

"कुवार पोरीची ओटी भरत्यात का कुठं, भाऊजी?"

"दूरदेशी घालवतोय. रिकाम्या पदरानं कशी घालवू?"

मोहिनी जीन्सवर ओढणी पसरून पाटावर बसली. मला हसू येत होतं, तिलाही. दादा मात्र बबिताच्या वेळेसारखा दाराआड जाऊन रडला.

सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला. वारं उठलं होतं, लाटा बंधारा ओलांडून वस्तीत शिरल्या होत्या. तिच्या खोलीत घोटाभर खारं पाणी होतं. बरोबरच्या दोघी केरळच्या पोरी नोकरी सोडून निघाल्या होत्या.

"आबा, मी येऊ का? मला लई भ्या वाटतंय. रात्री निजले तरी पाण्याचाच आवाज."

दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "पोरी, नव्या घरी पयलं वरीस सगळ्यांनाच जड जातं. बबिताबी रडत आलती. मीच माघारी घालवून आलतो."

"मला कुणाच्या घरी दिलं न्हाई, आबा."

"ओटी भरून घालवलंय तुला. गावानं बघितलंय. आता दिल्या घरी सुखी राह्यचं."

मी त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "मोहिने, तू ये. मी हाय."

"घर आबांचं हाय, आत्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बबिताही त्या वेळी अशीच शांतपणे एसटीत बसली होती, आणि आता आम्ही विचारल्याशिवाय ती काही सांगत नाही.

त्या रात्री मी दादाशी भांडले. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच रीत विसरले. दरीत उतरलेलं मेंढरू वर कसं आणायचं ते त्याला ठाऊक होतं. लेक माघारी कशी आणायची ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

करार संपला. मोहिनीने तो वाढवून घेतला. रविवारी फोन येतो. मेंढरं कशी आहेत, माझा गुडघा कसा आहे, सगळं विचारते. तिकडच्या पाण्याचं विचारलं की म्हणते, "बरं हाय."

दादा पारावर लोकांना अभिमानाने सांगतो, "रमली पोरगी. आता यायाचं नावबी काढत न्हाई."