पाटीवरची शाल

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. बुवा आख्यान लावतात तेव्हा भक्ताच्या संकटात देव धावून येतो. माझ्या आख्यानात धावून आली ती एक म्हातारी, तीही संतापानं लाल होऊन. येरमाळ्याच्या शिवारातल्या धोंडीबा हवालदारांची बायको, धुरपदाबाई.

धोंडीबा चोवीस वर्षं फौजेत होते. बर्फातल्या ठाण्यावर एकदा उजव्या पायाची बोटं काळीनिळी पडली, तरी ते पाय शाबूत घेऊन घरी आले. मग तो पाय त्यांनी देवाच्या कामी लावला. सप्ताहात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहायचं ते थेट आरतीपर्यंत. बसून टाळ वाजवणाऱ्याला ते हसायचे. पुढं साखरेचा आजार जडला, आणि औंदा त्याच पायाच्या अंगठ्याला जखम होऊन ती चिघळली.

माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बघून स्पष्टच सांगितलं, की आज भरती झालात तर एका बोटावर भागेल, आठवडा घालवलात तर पाय जाईल. मग पेन उचलून विचारलं, चिठ्ठी कुठली लिहू, सरकारीची का माजी सैनिकांच्या योजनेतल्या खाजगीची?

धुरपदाबाई सरकारी म्हणाली. तिची बहीण तिथंच बरी झाली होती. पण धोंडीबांनी खाजगीचं नाव सांगितलं. कारण हायवेलगतच्या त्या दवाखान्याच्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती आणि तीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. चार वर्षांमागं उद्घाटनाला तिथल्या मालक डॉक्टरांनी मुद्दाम फौजी माणूस हुडकून नेला होता. धोंडीबांनी दोरी ओढली, मखमली पडदा सरकला, शाल-नारळ मिळाला, आणि हा दवाखाना तुमचाच समजा, असं डॉक्टर माइकवर म्हणाले. ते धोंडीबांनी खरं धरलं. लेक रणधीर ढोकीच्या कारखान्यावर कामाला. त्यानंही फोनवरून बापाचीच री ओढली. नाना, तुम्ही सरकारी रांगेत दिसलात तर गावात काय शोभा राहील?

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या श्रिया नावाच्या मुलीनं कार्ड आणि चिठ्ठी घेतली, मंजुरी यायची आहे म्हणून बसवून ठेवलं. संध्याकाळी एसटीनं घरी, सकाळी परत. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली, पण योजनेच्या पेशंटची खाट रिकामी नव्हती. धुरपदाबाईच्या देखत दोघं जण आले, योजना-बिजना काही नाही, रोख पैसे भरले आणि सरळ जिना चढून भरती झाले. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पण धोंडीबा बाकड्यावर ताठ बसलेले. हुकूम आल्याबिगर जागा सोडायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

"सबुरी धर, धुरपदे," ते म्हणाले. "नाव हाय माझं भिंतीवर."

बाकडं नेमकं त्या पाटीखालीच होतं.

तिसऱ्या दिवशी पायाला वास सुटला. माश्या बसू नयेत म्हणून धुरपदाबाईनं पिशवीतली शाल काढून पायावर घातली. ती शाल उद्घाटनाचीच. तेवढ्यात झेंडूच्या माळा आल्या. दवाखान्याचा वर्धापनदिन होता. बादली-फडकं घेऊन बलभीम नावाचा कामगार आला आणि ओशाळून म्हणाला, "बाबा, जरा सरकावं लागतंय. पाटी पुसायची हाय. साहेब फोटो काढणार हायेत."

आणि धोंडीबा खरंच उठायला लागले. पाय टेकला तसा चेहरा पांढराफटक पडला. बलभीम एकेका अक्षरातली धूळ नखानं काढत होता. नावाची एवढी निगा, आणि नावाच्या धन्याचा पाय खाली कुजतोय. धुरपदाबाईच्या डोक्यात सणक गेली.

ती ओरडली नाही. पायावरची शाल घेऊन ती सत्तरीची बाई बाकड्यावर चढली. उद्घाटनाच्या पडद्याचे खिळे अजून भिंतीत होते, त्यांना तिनं शालीची टोकं अडकवली. नाव झाकलं.

मालक डॉक्टर फोटोवाल्याला घेऊन खाली आले. आजी, हे काय, असं त्यांनी विचारलं.

"उद्घाटन उलटं केलं. पडदा ह्यांनी उघडला व्हता, म्या लावला. बर्फानं नेला न्हाय तो पाय तुमच्या बाकड्यानं न्यावा व्हय?"

डॉक्टरांनी मागं बघितलं. श्रिया धावली, आणि एका मिनिटात खाट सापडली. त्यानं तर म्हातारी जास्तच पेटली.

"तीन दिस कुठं दडली व्हती ती खाट? नाव ऱ्हाऊ द्या तुमाला. माणूस मी नेते. चला वो."

धोंडीबांनी झाकलेल्या पाटीकडं पाहिलं, मग बायकोकडं. कुठल्या सुभेदाराचा ऐकला नसेल इतक्या मुकाट्यानं तिचा हुकूम ऐकला. बलभीमनं बादली तिथंच सोडली आणि त्यांना खांद्याचा आधार देऊन रिक्षापर्यंत नेलं.

सरकारी दवाखान्यात रांग होती, कलकलाट होता. पण रुद्रम्मा सिस्टरनं पाय बघितला आणि त्यांना रांगेतून बाहेर काढून आधी आत घेतलं. दुपारीच ऑपरेशन झालं. पाय वाचला, बोटं तीन गेली. पहिल्याच दिवशी आला असता तर एकच गेलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. म्हणजे अंगठा साखरेनं नेला. बाकीची दोन त्या पाटीनं खाल्ली.

गावात लोक अजून म्हणतात, फौजी गड्याची सबुरी बघा, तीन दिवस हूं का चूं केलं नाही. हे ऐकलं की माझं माथं भडकतं. सबुरी देवाच्या दारी शोभते. माणसाला कुजवणाऱ्या बाकड्यावर तिचं कौतुक कसलं?

येत्या सप्ताहात बुवांच्या मागं एक टाळकरी खांबाला टेकून उभा दिसेल. त्याला हात जोडाच. पण जयजयकार कराल, तेव्हा शाल घेऊन बाकड्यावर चढलेल्या धुरपदाबाईला एकदा मनात आठवा. तिचं नाव कुठल्या पाटीवर नाही.