पाण्यात सोडवलेली तिकिटं

टपाल सप्ताहात मालवणच्या एका वाचनालयात तिकीटसंग्रहावर प्रश्नमंजूषा ठेवली होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या मथुराबाई स्पर्धकांत वयानं सगळ्यांत मोठ्या. चंदनाचा वास असलेलं भारतीय तिकीट कधी निघालं? दोन हजार सहा, त्यांनी सांगितलं. ग्रामोफोनवर वाजणारी तिकिटं कुणी काढली? भूताननं. शेवटचा प्रश्न स्पर्धा घेणाऱ्या सर्वेश सरांनी मुद्दाम अवघड ठेवला होता: केळ्याच्या आकाराचं तिकीट कोणत्या देशाचं?

"टोंगा," मथुराबाई म्हणाल्या. "माझ्याकडे आहे. भावानं पाठवलेलं."

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतली रिया मात्र त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. ती त्या भावाची, बाबलीची मुलगी. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मुंबईहून आली होती. बाबली जन्मभर जहाजावर होता.

घरी आल्यावर रियानं आल्बम मांडीवर घेतला, सावकाश पानं उलटली.

"आत्ते, ही तिकिटं ज्या कार्डांवर होती, ती कुठे आहेत?"

"ती नाय गो. तिकीट कापून पाण्यात घालूचा लागता, मगे कागद सुटता."

"आणि उरलेली कार्डं?"

"न्हाणीच्या चुलीत घातलंय."

तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. कार्ड आलं की आधी कात्री घ्यायच्या. तिकिटाबरोबर मागची अक्षरंही कापली जात. पुढे बाबली मागचा तेवढा कोपरा कोरा सोडून लिहू लागला. हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि सोय झाली एवढंच त्यांना वाटलं होतं. आता हे रियाला सांगायला त्यांची जीभ रेटेना.

"बाबा घरी फार बोलायचेच नाहीत," रिया म्हणाली. "लग्नाआधी कसे होते, मला काहीच माहीत नाही. काय लिहायचे ते?"

मथुराबाईंनी आल्बमवर हात ठेवला. कुठलं तिकीट कुठल्या बंदरातून आलं, कुठल्याच्या कडेचा एक दात तुटलाय, सगळं पाठ होतं.

"एकदा लिवल्यान हुता, हयसर माड बघलंय की घर आठवता."

"अजून?"

"माका आठवना नाय, बाय."

रियानं आल्बम मिटला. मथुराबाईंनी तो तिच्यापुढे सरकवला, "तुका व्हयो तर घेऊन जा." तिनं मान हलवली. "नको आत्ते. तुझा आहे तो." आवाजात राग नव्हता. असता तर मथुराबाईंना बरं वाटलं असतं.

रिया गेल्यावर त्या रोज दुपारी वही घेऊन बसू लागल्या. एकेक तिकीट बघायचं आणि त्यामागचं कार्ड आठवायचं. तीन आठवड्यांत चार वाक्यं जमली. चौथं बाबलीनं खरंच लिहिलं होतं, की त्यानं लिहायला हवं होतं असं आपल्यालाच वाटतंय, हे काही त्यांना ठरवता येईना.

त्यांनी ते खोडलं, आणि उरलेली तीन एका कार्डावर लिहून रियाला पाठवली.