पित्ताशयाचा दर

मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात काशीराम परब पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाले, तेव्हा पुतण्या प्रीतमने ओळख लावून त्यांना स्वतंत्र खोली मिळवून दिली. भाडे मात्र दोन खाटांच्या खोलीचेच.

"झकास ना, काका? खिडकीतून डोंगर दिसतो."

विमा कक्षातली शीतल मात्र हे ऐकून गंभीर झाली. रुग्णालयात प्रत्येक गोष्टीचा दर खोलीच्या वर्गावरून ठरत असे. सर्जन तोच, सुरी तीच, पित्ताशयही तेच. पण स्वतंत्र खोलीतल्या माणसाचे असल्यास ते काढणे महाग. काशीराम यांच्या पॉलिसीत दोन खाटांचीच खोली बसत होती, म्हणजे वरचा सगळा फरक परबांच्या माथी. शस्त्रक्रिया उद्या सकाळी होती आणि एवढा पैसा घरात नव्हता.

"मग दोन खाटांच्या खोलीत हलवा," काशीराम यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणाल्या.

"एकही रिकामी नाही, काकी," शीतल म्हणाली.

"मग इथेच दुसरी खाट टाका."

"टाकते. पण तिच्यावर ॲडमिट झालेला पेशंट लागेल."

नलिनीबाईंनी शाळेत विज्ञान शिकवले होते. गृहीतक त्यांना पटले नाही, पण प्रयोग करून पाहण्यासारखा वाटला. चक्कर येत असल्याचे सांगून त्या दाखल झाल्या. त्यांना सलाईन लागले, खोली नियमानुसार दोन खाटांची झाली, आणि संध्याकाळपर्यंत भूल, कापूस व सर्जनचे कौशल्य स्वस्त झाले.

"तुका खरांच चक्कर येता काय गो?" काशीराम यांनी विचारले.

"तुमचं एस्टिमेट वाचलं तेव्हा आली होती."

सकाळी विमा कंपनीने नलिनीबाईंचा दावा नाकारला: आजार आढळला नाही. त्यामुळे त्यांना रोखीचा दर लागला. ते बिल त्यांनी पतीच्या एस्टिमेटशेजारी धरले. खोली एक, डॉक्टरांची फेरी एक. तरी नलिनीबाईंच्या बिलातला प्रत्येक आकडा निम्म्याहून कमी होता.

"हे कसं काय?"

"कॅशवाला भाव करतो ना, काकी. विमावाला विचारतच नाही. शिवाय कंपनी बिल कापते म्हणून आम्ही वाढवून लावतो."

"आणि तुम्ही वाढवता म्हणून ती कापते."

"हो. आणि हप्ताही वाढवते."

काशीराम यांच्या ज्येष्ठांच्या पॉलिसीत निम्मा खर्च त्यांनीच सोसायचा होता. म्हणजे विम्याशिवाय शस्त्रक्रिया विम्यासकटच्या शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडत होती. ट्रॉली दारात आली होती.

"शीतल, माझाही दावा नाकारून मिळेल?" काशीराम यांनी विचारले.

"मंजुरी आलीय, काका. विमा चालू असताना कॅशचा दर देता येत नाही, कंपनीशी करार आहे. नकारच लागेल. आणि नकाराला कारण."

प्रीतमने कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला. रात्रभर कळांनी मुटकुळे झालेल्या काकांच्या कानाशी तो धरला.

"पोटात दुखतंय का?" पलीकडून प्रश्न आला.

"अजिबात नाय," काशीराम दात आवळून म्हणाले.

"उलट्या?"

"छे! तळलेली सुरमई खाल्ली काल. झकास पचली."

त्यांच्या कपाळावरचा घाम नलिनीबाईंनी सलाईन नसलेल्या हाताने पुसला. नकार तत्काळ आला: शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. सर्जनने त्यांचे पोट चाचपले आणि क्षणाचाही विलंब नको म्हणून ट्रॉली हलवायला सांगितली.

फोन बंद झाल्याची नलिनीबाईंनी खात्री करून घेतली. "आता ओरडलात तरी चालेल, अहो."

काशीराम यांनी या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला.