पश्चिमेकडे लांबलेला रोजा

जयापुराहून बांदा आचेला जायचं म्हणजे अख्खा देश आडवा कापायचा. जाकार्ताला विमान बदलायचं आणि घड्याळ दोन तास मागे घ्यायचं. तिकिटं काढताना हे सगळं मी पाहिलं होतं. पण रमजानात सूर्याच्या मागे धावलं की रोजाही लांबतो, हे डोक्यातच आलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा ना.

अबूंनी पहाटे जयापुरात साखरेवरची गोळी घेऊन माझ्याबरोबर रोजा धरला. रोजा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माझे वडील कुणाचं ऐकतील तर शपथ!

जाकार्ता सोडलं तेव्हा जयापुरात सूर्य मावळलाही होता. आमच्या खिडकीत मात्र ढळढळीत ऊन.

"अबू, घरी सूर्य बुडाला, मगरिब झाली. खजूर खा."

"मी काय घरी आहे? बाहेर बघ, केवढा लख्ख आहे तो."

"मग प्रवासी आहात ना? प्रवाशाला सूट असते."

"हा कसला प्रवास? माझे आजोबा बोटीने मक्केला गेले, तो प्रवास. इथे मी नुसता बसलोय." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "निदा, तुझी आत्या विमानतळावर कांजीचा डबा घेऊन उभी असेल. तिच्या हातची खाऊनच रोजा सोडीन."

पुढच्या रांगेतला माणूस हसला. मला चीड आली.

थोड्या वेळाने अबूंची बडबड थांबली, आणि मी घाबरले. त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता, बोटं थरथरत होती. मी खजुराची डबी पुढे केली, तर त्यांनी हात झटकला. हवाईसुंदरीने गोड चहा आणला, त्यालाही शिवले नाहीत. उतरायला अजून तासभर होता. इथे आकाशात मी यांना कुठे नेणार होते?

मग ते माझ्याकडे वळले. नजर माझ्यावर होती, पण ओळख नव्हती.

"रोस्ना," ते म्हणाले, "बुडाला का गं?"

रोस्ना माझी आई. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

मी खिडकीची झडप खाली ओढली.

"बुडाला," मी म्हणाले. "खा आता."

त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. मी खजूर भरवले, चहा पाजला. हळूहळू घाम ओसरला, हात स्थिरावले. ते मला "निदा" म्हणाले तेव्हा मला रडूच फुटलं.

तेवढ्यात सूचना झाली. विमान खाली उतरतंय, खिडक्यांच्या झडपा उघडा. रोजा मी मोडवला हे कळलं, तर हा माणूस मला जन्मात माफ करणार नव्हता. मी चालढकल केली. शेवटी हवाईसुंदरीच येऊन उभी राहिली.

झडप वर गेली. सूर्य समुद्रावर तसाच होता, लालभडक.

अबूंनी तो बराच वेळ पाहिला.

"तू काहीच खाल्लं नाहीस," ते म्हणाले. "म्हटलं, हा फक्त माझ्यापुरताच कसा बुडाला?"

मी डबी मांडीवर ठेवली.

"मी कुणाला विचारलं होतं?" अबू म्हणाले.

"आईला."

"मग? ती काय म्हणाली?"

"बुडाला म्हणाली."

अबू थेट सूर्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डबीतला आणखी एक खजूर उचलला.

"ती म्हणाली ना? मग बुडाला," असं म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला.