दहा पावलांसाठी सोडलेला दोर

मित्रांनो, जेवणघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, लाल रंग विटून गुलाबी झालेला हा जुना दोर म्हणजे मी. खाली बाकांवर सूप पीत बसलेले पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हाच तो तुटलेला दोर." पण मित्रांनो, मी कधीच तुटलो नाही. माझी हकिकत तुम्हीच ऐका.

माझा जन्म आल्प्सच्या पायथ्याच्या एका कारखान्यात झाला. आत चिवट तंतूंचा गाभा आणि वरून लाल वीण. गावातल्या दुकानात ओडिलो नावाच्या वाटाड्याने मला वीत न् वीत बोटांतून सरकवून पाहिलं आणि खांद्यावर टाकलं. तेव्हापासून ते माझे मालक झाले.

त्यांचं काम पाहुण्यांना सहा दिवस डोंगरातून नेण्याचं. रोज एक खिंड किंवा एक हिमनदी ओलांडायची, आणि संध्याकाळी दगडी मुक्कामघर गाठायचं. बर्फ लागला की मालक मला सगळ्यांच्या कमरेला बांधत. मुक्कामाला पोहोचल्यावर स्वतःचे मोजे ओले राहिले तरी चालतील, पण मला आधी सावलीत वाळत घालत. कुणाचा बूट माझ्यावर पडला तर ओरडत, "अरे, तो दोर नाही, माझी मान आहे!"

दर उन्हाळ्यात बर्न शहराहून हेडविगबाई येत. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला. नवऱ्याची हिरवी लोकरी टोपी घालून त्या चालत, आणि फार हळू चालत.

"बाई, अशा चाललात तर हिमनदी आपल्याआधी पोहोचेल," मालक चिडवत.

"पोहोचू दे. तिला सांगा, मुक्कामघराच्या वहीत तुम्ही लिहिलेलं वाक्य आधी दुरुस्त कर. दोन ओळींत तीन चुका!"

मालकांची मुलगी व्हेरेना हे ऐकून खो खो हसे. चोवीस वर्षांची ती. तिलाही वाटाड्याचं काम करायचं होतं, म्हणून ती दोराच्या शेवटच्या टोकाला चालत शिकत होती. पुढे मालक, मध्ये बाई, मागे व्हेरेना. त्या तिघांना बांधून चालताना मला फार अभिमान वाटे.

माझ्या सातव्या उन्हाळ्यातली गोष्ट. चौथ्या दिवसाची दुपार होती. हिमनदी जवळजवळ ओलांडून झाली होती. मुक्कामघराच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसत होता, जवाच्या सुपाचा वासही येत होता. तेवढ्यात वाऱ्याने बाईंची टोपी उडवली. ती घरंगळत जाऊन सपाट बर्फावर थांबली.

"राहू दे ओडिलो," बाई म्हणाल्या. "जुनी टोपी ती."

मालक तिकडे वळले, पण मी ताणला गेलो. टोपी माझ्या लांबीपलीकडे होती. तिघांनी मिळून वळायला हवं होतं. व्हेरेनाला भूक लागली होती. ती हसत म्हणाली, "बाबा, दहा पावलं तर आहेत! सोड ना गाठ आणि आण पटकन. का आम्हाला पण टोपीच्या वरातीत नाचवतोस?"

मालकही हसले. एकतीस उन्हाळे त्यांनी ती वाट तुडवली होती. त्यांनी गाठ सोडली आणि माझं टोक बर्फावर ठेवलं.

सात पावलं मी मोजली. आठव्याला बर्फ खचला आणि खाली दडलेली खोल भेग उघडी पडली. कसलाही मोठा आवाज झाला नाही, मित्रांनो. समोर माणूस होता आणि मग नव्हता.

व्हेरेनाने हातातली बर्फ फोडायची कुऱ्हाड बर्फात रोवली, मला त्या कुऱ्हाडीला बांधलं आणि पोटावर सरकत माझं मोकळं टोक भेगेत सोडलं. मी निळ्या अंधारात खाली खाली गेलो. मालक छातीशी बर्फाच्या दोन भिंतींत घट्ट अडकले होते, हात अंगाखाली चिरडले होते. माझं टोक त्यांच्या गालाला लागलं. त्यांनी मला दातांत धरायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"बाबा! धर ना रे दोर! धर!"

"कडेला येऊ नकोस, पोरी!" ते ओरडले. "पायाखाली बघ!"

मग आवाज बसला. शेवटी ते पुटपुटले, "तुझी चूक नाही गं, लेकरा." ते वर पोहोचलं नाही. ते फक्त मी ऐकलं.

मुक्कामघरातून माणसं दोर घेऊन धावत आली. दोन तासांनी मालकांना वर काढलं, तेव्हा ते गेलेले होते.

गावात दफनाच्या दिवशी लोकांनी विचारलं, "ओडिलोने गाठ सोडलीच कशी?" मी व्हेरेनाच्या खांद्यावर होतो. तिचे ओठ हलले, पण त्याआधी हेडविगबाई पुढे झाल्या.

"टोपी माझी होती. आणून द्या म्हणून मीच हट्ट धरला," त्या म्हणाल्या.

"एका टोपीपायी?" मालकांची म्हातारी आई म्हणाली. "जा बाई तू. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

बाईंनी मान खाली घातली आणि स्टेशनची वाट धरली. व्हेरेना गप्प राहिली. तिला सांगायचं होतं, पण आजीकडे बघून धीर होईना. उद्या सांगू म्हणता म्हणता वर्षं गेली. ती वाटाड्याचं काम करू लागली, पाहुण्यांना नवे दोर बांधू लागली. मला तिने इथे, त्याच मुक्कामघराच्या जेवणघरात टांगलं. जेवायला बसताना ती नेहमी माझ्याकडे पाठ करून बसते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गटात बर्नची एक बाई होती. जेवताना तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा ओडिलोंचा दोर ना? हेडविग माझी मावशी. फेब्रुवारीत गेली. शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या हट्टापायी एक भला माणूस गेला."

व्हेरेनाने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. "शेवटपर्यंत? घरच्यांनाही तेच सांगितलं?"

"हो. का?"

व्हेरेना उठून उभी राहिली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुमची मावशी 'राहू दे' म्हणाली होती. गाठ सोडायला मी सांगितलं. मी. तिने माझ्यासाठी खोटं बोलून माझ्या गावाचे शिव्याशाप घेतले, आणि मी घेऊ दिले."

 भाचीने समोरची ताटली बाजूला सारली.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती हळूच म्हणाली. "तिला एक पत्र तरी टाकायचं होतंत. ती रोज टपालपेटी बघायची."

मित्रांनो, दोराला ऊन, ओल आणि धारेपासून जपा. घर समोर दिसत असलं तरी गाठ सोडू नका. आणि ज्याने तुमचं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, तो माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या दारी जा. गाडी मिळाली नाही तर चालत जा.