हिरोचा हात

पिस्तूलबाजांच्या सिनेमात चेहरा एकाचा असतो आणि हात दुसऱ्याचा, हे बघणाऱ्याला कुठं ठाऊक असतं. हिरो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, डोळे बारीक करतो, जबडा आवळतो. मग पडद्यावर नुसती कंबर येते. पट्टा, पट्ट्यात पिस्तूल आणि शेजारी सोडलेला हात. तो हात आपल्या या गड्याचा. सगळा स्टुडिओ त्याला हातच म्हणायचा. "हात आला का रे?" "हाताला चहा द्या." "थांबा जरा, हात जेवायला गेलाय." बायको एकदा डबा द्यायला आली तर गेटवरचा म्हातारा अगदी अदबीनं म्हणाला, "या वहिनी, हात आतच आहेत." ती बिचारी घरी पोचेपर्यंत हसत होती.

बाकीच्या अंगाला कुणी विचारलं नसतं. नाक बसकं, मान आखूड, चालताना जरा फेंगडा. पण हात म्हणजे देवानं सवडीनं घडवलेला. लांब बोटं, मनगटाला हाड दिसेल एवढंच मांस. तीन हिरो म्हातारे झाले, त्या तिघांनाही हाच हात होता.

लोकांना वाटायचं, याची कमाल म्हणजे पिस्तूल झपकन बाहेर येतं ती. हा म्हणायचा, "उपसायला मी कुणालाही शिकवीन. उभं राहायला नाही शिकवता येत." आणि खरंच आहे ते. गोळी सुटायच्या आधीचा जो वेळ असतो, वारा सुटलेला, कुणी बोलत नाही, तेव्हा तो हात भिंतीतल्या खुंटीसारखा असायचा. एकदा चालू शॉटमध्ये बोटावर माशी बसली. बसली ती बसली, पार नखापर्यंत फिरून आली. हात हलला नाही. डायरेक्टरनं ती माशी तशीच ठेवली, आणि थेटरात लोकांनी त्या माशीला शिट्ट्या मारल्या.

दुसरा त्याचा हट्ट म्हणजे कॅमेरा. कॅमेरा हळू चालवला की पडद्यावर माणूस पळतो, ही जुनी युक्ती आहे. विनोदी सिनेमातले जाडे पोलीस तुरुतुरु पळतात ना, ते असंच. मंद हाताचे पिस्तूलबाजही असेच चपळ करतात. हा मात्र कधी करू द्यायचा नाही. कॅमेऱ्यामागं बसायचा त्याचा जुना दोस्त. एक डोळा मिटून मिटून त्या डोळ्याखाली कायमची घडी पडलेली, म्हणून त्याला डोळा म्हणायचे. तर हा डोळ्याला दर वेळी बजावायचा, "लेका, नेहमीच्या वेगानं चालव. जाड्या पोलिसाचा हात नाही हा."

"बरं बाबा," डोळा म्हणायचा. "तुझ्या हाताची आरती करू का आता?"

असं सगळं झकास चाललेलं. आणि मग अंगठा हलायला लागला.

आधी त्याला स्वतःलाच कळलं नाही. बायकोला कळलं. तो शर्टाचं बटण लावत होता आणि ते काही लागेना. तिनं दोनदा बघितलं आणि येऊन लावून दिलं. मग रोजच लावायला लागली. एक दिवस म्हणाली, "अहो, नुसते बसलेले असता तेव्हा अंगठा बोटावर घासत असतो तुमचा. गोळ्या वळल्यासारखा."

"सवय आहे."

"ही सवय मला इतकी वर्षं नाही दिसली ती?"

डॉक्टरनं त्याला खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट वाकवून बघितलं. हा आजार जायचा नाही, म्हणाला. गोळ्यांनी थोडा दबेल, पण वाढत जाणार. हात निवांत सोडला की थरथरेल, काम करायला लागला की थरथर थांबेल, पण काम हळू होईल. हा उठता उठता म्हणाला, "म्हणजे उपसताना थरथरणार नाही ना?" डॉक्टरला काय उपसायचं ते कळलं नाही. तो हो म्हणाला.

तेवढं एक हो घेऊन हा घरी आला. बायकोला म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही. डोळ्याला तर नाहीच."

"डोळेभावजींना का नाही? ते काय परके आहेत?"

"परका नाही म्हणूनच. त्याच्या तोंडावर लगेच दिसेल. मग डायरेक्टर त्याचं तोंड वाचेल." आणि मग म्हणाला, "अगं, माझा चेहरा कुणी बघितलाय का? मला रस्त्यात कुणी ओळखतं का? हात गेला तर मी कोण?"

 तिनं भाजीला फोडणी घातली.

नव्या सिनेमात शेवटची झुंज होती. आधीच्या शॉटमध्ये यानं अंगठा पट्ट्यात अडकवून वेळ मारून नेलेली. पण हा डायरेक्टर नवा, हौशी. त्याला झुंजीचा शॉट अखंड पाहिजे होता. हात सोडलेला, बराच वेळ नुसता सोडलेला, मग एका दमात पिस्तूल बाहेर. मध्ये कापायचं नाही. "मामा," तो म्हणाला, "लोकांनी श्वास धरून तुमचा हात बघायचाय."

मामांनी सकाळी आरशासमोर उपसून बघितलं. थरथर नव्हती, डॉक्टर खोटं बोलला नव्हता. पण हात पाण्यातून वर आल्यासारखा येत होता. लहान पोरानं त्याला गोळी घातली असती.

मग त्यानं जे जन्मात केलं नव्हतं ते केलं. शूटिंगच्या आधी डोळ्याला नकली दारूगुत्त्याच्या मागं गाठलं. तिथं समोरून झकास लाकडी दरवाजा होता आणि मागून नुसत्या फळ्या आणि खिळे. म्हणाला, "आज जरा हळू चालव."

डोळ्यानं विडी तोंडातून काढली. "काय चालवू?"

"कॅमेरा. खांदा धरलाय माझा. उपसायला थोडा जड जातोय."

"तू? तू मला हळू चालव म्हणतोस? सूर्य कुठून उगवला बघू दे."

"चेष्टा नको. डायरेक्टरला सांगू नको."

डोळा विचारात पडला. "अरे पण शॉट अखंड आहे. आधीचा उभा हातही मग हळू वेगातच निघेल ना."

"उभ्या हाताला कसला वेग? खुंटी हळू काढ की जोरात काढ, खुंटीच दिसणार."

डोळ्याला पटलं. का नाही पटणार? त्या हाताला त्यानं माशी बसली तरी हललेलं बघितलं नव्हतं. त्यानं गुपचूप कॅमेऱ्याच्या मोटरचा वेग खाली आणला आणि बसला डोळा मिटून.

आणि आपला गडी उभा राहिला. आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की थरथर अगदी बारीक होती. लांब उभ्या माणसाला दिसत नव्हती. डोळ्याला चौकटीत काही तरी हललेलं दिसलं खरं, पण पंखा लावून वारा सोडलेला, कोटाची कड फडफडत होती, त्याला वाटलं तेच. हातवाल्याला स्वतःला तर वाटलं, आज जमलं. मनानंच अंगठा दाबून धरला होता त्यानं. पिस्तूल निघालं, बार उडाला, डायरेक्टर म्हणाला, "वा मामा." हिरोनं पाठीवर थाप मारली. "मामा, तुम्ही आहात म्हणून माझी अब्रू आहे." त्या दिवशी घरी जाताना तो बायकोला गजरा घेऊन गेला.

फिल्म धुऊन आली ती दोन दिवसांनी. छोट्या खोलीत अंधार करून सगळे बसले. डायरेक्टर पुढं, हिरो खुर्चीवर पाय टाकून, डोळा आणि हा मागं शेजारी शेजारी.

पडद्यावर कंबर आली. पट्टा आला. हात आला.

आणि तो हात नाचत होता. हळू चालवलेल्या कॅमेऱ्यानं सगळंच पळवलं होतं, त्यात ती बारीक थरथरही पळवली होती. अंगठा बोटावर असा फडफडत होता, जशी जाळ्यात अडकलेली चिमणी. कोटाची कड येडी झालेली, आणि त्यापुढं हा हात. शॉट लांब होता. डायरेक्टरला लांबच पाहिजे होता ना. तो संपेचना. मग पिस्तूल झपकन निघालं. एकदम फर्मास निघालं, हेही सांगायला पाहिजे.

हिरो हसला. वाईट नव्हता पोरगा, त्याला वाटलं कुणी तरी मस्करी म्हणून केलंय. "मामा, एवढी थंडी होती?"

मग दुसरं कुणी हसलं नाही तेव्हा तोही गप्प झाला.

दिवा लागला. डायरेक्टर मागं वळला आणि हाताकडं नाही, डोळ्याकडं बघून म्हणाला, "कॅमेऱ्याचा वेग कुणी बदलला?"

आता इथं तोंड उघडायची वेळ याची होती. त्यानं उघडलंही. शब्द आला नाही. आणि डोळा म्हणाला, "माझ्याकडून राहिला. आदल्या दिवशी घोडे पळवलेले, तेव्हाचा तसाच राहिला."

"इतकी वर्षं काम करून?"

"चुकलं साहेब."

तो बोलत असताना यानं शेजारी बघितलं. डोळा समोरच बघत होता.

परत शॉट घ्यायचा ठरलं, नेहमीच्या वेगानं. पण आता अख्ख्या युनिटला ठाऊक होतं कुठं बघायचं. सुतार, मेकअपवाली, घोडे धरणारा, सगळे त्या एका अंगठ्याकडं बघत उभे. माणूस बघतंय म्हटल्यावर तो आजार दुप्पट होतो. हात सोडला आणि अंगठा चालू झाला, आता लांबूनसुद्धा दिसत होता. वाऱ्याचा पंखा तेवढा फिरत होता.

"मामा," डायरेक्टर अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बसा तुम्ही. पाणी घ्या."

तो मऊ आवाज त्याला बार लागल्यासारखा लागला.

मग हिरोच उभा राहिला. त्याचा हात जाडसर, उपसणं म्हणजे पिशवीतून कांदे काढावेत तसं. पण तरुण हात, सोडला की सुटलेला, हलत नव्हता. डायरेक्टर म्हणाला, "डोळेबुवा, आता तुमचा तो हळू वेग लावा बरं." डोळ्यानं लावला. हिरोनं उपसलं. मग डायरेक्टरनं खुर्चीकडं वळून विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?"

तो उठला. हिरोचा खांदा खाली दाबला, कोपर जरा मागं घेतलं. म्हणाला, "बोटं आवळू नको. कुणाच्या खांद्यावर ठेवणार आहेस अशी सोड." पोरानं तसं केलं. "हां. बरोबर आहे."

संध्याकाळी सामान बांधताना तो डोळ्याजवळ गेला. डोळा काच पुसत होता.

"तू कशाला अंगावर घेतलंस?"

"खांदा धरलाय म्हणालास ना तू," डोळा म्हणाला. "मला वाटलं, खांदाच आहे."

"सांगणार होतो."

"कधी?" त्यानं काच उजेडात धरून बघितली. "मला सांगितलं असतंस तर मी मांडीपाशी सावली टाकली असती. कोटाखाली घेतला असता हात. डायरेक्टरला पटवलं असतं काही तरी. शॉट लावणं हेच तर काम आहे माझं. मला फक्त खरं लागतं, बाकी मी करतो." काच पेटीत ठेवून त्यानं कडी लावली. "माझ्यावरसुद्धा भरवसा नव्हता तुझा."

डोळा पेटी उचलून निघून गेला. पुढच्या सिनेमाला त्याला बोलावलं नाही, तो आता कुठंतरी लग्नाच्या फिल्मा काढतो असं कानावर आलं. हा एकदा त्याच्या घरी गेलाही. डोळ्याची बायको दारातच म्हणाली, घरात नाहीत. आतून विडीचा वास येत होता.

सिनेमा लागला. तो बघायला गेला नाही, बायको शेजारणीबरोबर आणि तिच्या नवऱ्याबरोबर गेली. परत आली तेव्हा शेजारणीचा नवराही आलेला, दारात उभा राहून तोंड भरून बोलायला लागला. "मानलं बुवा तुम्हाला. या वयात असा हात? अहो, आमच्या रांगेतलं एक माणूस हललं नाही. आधीच्या सगळ्या सिनेमांपेक्षा सरस."

त्यानं बायकोकडं बघितलं. पडद्यावरचा हात परका आहे हे तिनं पहिल्या झटक्यातच ओळखलं असणार, ते त्याला तिच्या तोंडावरून कळलं. ती पदरानं घाम टिपत होती.

"हो," ती शेजाऱ्याला म्हणाली. "यांचाच आहे."

शेजारी गेला. तिनं जेवायला वाढलं, त्याचा भात कालवून दिला आणि समोर बसली.