विनंतीची फौज

दुपारची कॉफी झाली की वीब्रन उठायचा, बूट चढवायचा आणि म्हणायचा, "चला, माझा पहारा सुरू होतोय."

पहारा कसला नि काय कसलं! उत्तर जर्मनीतल्या या गावाबाहेरची ती छावणी बंद होऊन किती वर्षं लोटली. फाटकाला गंज चढलाय, कवायतीच्या मैदानात बर्चची झाडं माजलीत आणि रणगाडे उभे राहायचे तिथे कुणीतरी सोलरची पॅनेलं मांडून ठेवलीत. पण हे वीब्रनला कोण सांगणार? त्याच्या डोक्यात छावणी अजून जशीच्या तशी उभी होती. जर्मनांचा झेंडा, डचांचा झेंडा, दोन्ही शेजारी शेजारी, आणि त्यांच्याखाली डच फौजेचा सार्जंट वीब्रन हूकस्ट्रा, वय तिशीच्या आतलं. बाकी सगळं त्या डोक्यातून गळून चाललं होतं. मुलाचं नाव गेलं. इथे आयुष्य काढून कमावलेली जर्मन भाषा जिभेवरून गेली, कळायची तेवढी; आता तो नुसतं डच बोलायचा. आणि गेल्या उन्हाळ्यापासून बायकोही गेली.

म्हणजे बायको होती. हिल्के रोज त्याच्यासमोर उभी राहून म्हणत होती, "बस खाली. कुठेही जायचं नाहीये तुला."

तो तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा. "बाई, मला सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

काय वाटत असेल हो बाईला! तिला डच सगळं कळायचं, हीच तर पंचाईत. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा वाटलं.

तिने सगळे उपाय करून पाहिले. दाराला कुलूप लावलं, तर पठ्ठ्या धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून उतरला. या वयात! बूट लपवले, तर सपाता घालून निघाला. मागच्या आठवड्यात मोठ्या रस्त्यावर, बर्फगार पावसात, दुधाच्या टँकरवाल्याने त्याला पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. सपाता भिजून लगदा झालेल्या, ओठ निळे पडलेले, आणि स्वारी टँकरवाल्यालाच विचारतेय, आत जायचा पास दाखव.

मग ब्रेमेनहून मुलगा आला, योर्न. "आई, आता पुरे. आमच्या इथल्या वृद्धाश्रमात जागा होतेय. सोमवारी मी गाडी घेऊन येतो."

"तो तिथे मरेल रे."

"आणि इथे टँकरखाली मरेल. तुझं वय काय, त्याचं वजन काय! किती दिवस झोंबणार आहेस त्याच्याशी?"

योर्न वाईट मुलगा नव्हता, आणि बोलत होता तेही खोटं नव्हतं. पण तिला वीब्रन घरात हवा होता. त्याने ओळखलं नाही तरी चालेल, खुर्चीत बसलेला दिसला पाहिजे, बस. सोमवार तोंडावर आला होता आणि तिचे सगळे उपाय संपले होते.

एकच माणूस राहिला होता, ज्याने ते फाटक वीब्रनच्या बरोबरीने सांभाळलं होतं. हिनर्क, तेव्हाचा जर्मन सार्जंट. चर्चच्या मागे राहायचा. पण त्याच्याशी बोलणं बंद होतं.

त्याची कथा अशी. दर हिवाळ्यात छावणीतली जुनी मंडळी, डच आणि जर्मन, हातगाडीत दारूच्या बाटल्या घालून कडाक्याच्या थंडीत माळावरून भटकायची. शेवटी खानावळीत जाऊन हिरव्या कोबीवर नि सॉसेजवर तुटून पडायची. सगळ्यात जास्त हादडेल तो त्या वर्षीचा कोबीराजा. अशाच एका वर्षी, ताटं निम्मी झाली असताना, खानावळीच्या टीव्हीवर ती चर्चा लागली. सगळ्या युरोपाची मिळून एक कायमची फौज असावी की नसावी.

"असायलाच हवी!" वीब्रनने टेबलावर थाप मारली. "आम्ही नाही का इथे करून दाखवली!"

"काय करून दाखवलंस?" हिनर्क म्हणाला. "फाटक उघडलं नि फाटक लावलं. लढाईत माझ्या नातवाला 'पुढे हो, मर' असं कोण सांगणार? ज्याला त्याने मतही दिलेलं नाही असला कुणीतरी परदेशी साहेब?"

"मग मरा एकेकटे! सत्तावीस देश, सत्तावीस तऱ्हेच्या बंदुका. उद्या कुणी चालून आलं तर आधी बैठक भरवा आणि चहा बिस्किटं वाटा."

"मरू. पण आपल्या माणसाच्या शब्दावर मरू."

"आपला म्हणजे कोण रे? मी नाही का आपला?"

आणि हिनर्क, पोटात चार पेले जास्त गेलेले, बोलून गेला, "तू पाहुणा आहेस, वीब्रन. तुला काय कळणार."

पाहुणा! ज्याने या गावातल्या बेकरीच्या पोरीशी लग्न केलं, सासूसासऱ्यांना खांदा दिला, अग्निशमन दलात उमेदीची वर्षं घालवली, त्याला पाहुणा! वीब्रनने काटा खाली ठेवला, कोट घेतला आणि निघून गेला. त्या वर्षी कोबीराजा कुणी झालाच नाही. तेव्हापासून रस्त्यात समोर आले तरी दोघं तोंड फिरवून जायचे. पुढे वीब्रनला हे दुखणं लागलं, तरी हिनर्क काही फिरकला नाही.

शनिवारी सकाळी हिल्केने सगळा मान गिळला आणि त्याचं दार वाजवलं.

हिनर्क स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. "येशील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मलाही नव्हतं वाटलं. बसायला सांगशील की उभीच ठेवशील?"

त्याने खुर्ची ओढून दिली. तिने सगळं सांगितलं, खिडकी, सपाता, टँकर, सोमवार. तो बटाटा हातात धरून ऐकत राहिला.

"निघायला लागला की तू काय म्हणतेस त्याला?"

"काय म्हणणार? बस म्हणते. जाऊ नकोस म्हणते."

"जर्मनमध्ये?"

"नाहीतर काय चिनीत?"

हिनर्कने कपाळाला हात लावला. "अगं वेडे, तू त्याला हुकूम सोडतेस! तो डच सार्जंट आहे. जर्मन माणसाचा हुकूम तो कशाला ऐकेल? ऐकला तर नोकरी जाईल त्याची."

"म्हणजे?"

"म्हणजे वरून सक्त ताकीद होती. जर्मनाने डचाला हुकूम द्यायचा नाही, डचाने जर्मनाला द्यायचा नाही. एकच फाटक, दोन सार्जंट, आणि एकाची दुसऱ्यावर सत्ता नाही. वरच्या साहेबांनी कागदावर एकत्र पथक काढलं आणि ते चालवायचं कसं हे आमच्यावर सोडलं. मग आम्ही विनंती करायला लागलो."

"विनंती?"

"एकोणऐंशी सालचा बर्फ आठवतो?"

न आठवायला काय झालं! खिडक्यांच्या वरपर्यंत बर्फ, वीज गेलेली, गुरं गोठ्यात हंबरतायत, आणि बेकरीत बापाबरोबर हिल्के लाकडाच्या भट्टीवर मिळेल त्या पिठाचे पाव भाजतेय. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक रणगाडा बर्फ कापत थेट बेकरीसमोर आला होता. त्यातून एक लांब केसांचा सार्जंट उतरला. डच फौजेत तेव्हा केस मानेवर रुळले तरी कुणी बोलायचं नाही, जर्मन अधिकारी ते बघून नुसते धुसफुसायचे. हिल्केच्या बापाने तर आधी त्याला रस्ता चुकलेला गवई समजून हाकललंच होतं. आता ते आठवून हिल्केला एवढ्यातही हसू फुटलं. किती देखणा होता मेला!

"तो रणगाडा त्याचा," हिनर्क सांगत होता, "आणि पुढे फावडी घेतलेली माणसं माझी. मी 'हलव' म्हटलं असतं तर तो आडमुठा ढिम्म हलला नसता. म्हणून मी टाचा जुळवून म्हणायचो, 'सार्जंटसाहेब, आपला रणगाडा जरा पुढे घ्याल का? फार उपकार होतील.' आणि तो म्हणायचा, 'आनंदाने. आपली माणसं जरा बाजूला घ्याल का?' दाढीला बर्फ लागलेला, हात बधिर झालेले, आणि आम्ही दोघं विहिणींसारखा एकमेकांचा मान राखतोय! तीन गावं मोकळी केली आम्ही अशी."

तो हसला, आणि हातातला बटाटा खाली ठेवला. "तो सबंध काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता, हिल्के. कधी बोललो नाही मी हे. त्या कोबीच्या दिवशी मी एवढंच सांगत होतो त्याला, की विनंतीवर फाटक चालतं, बर्फ निघतो, पण लढाई होत नाही. तिथे 'कृपा करून' म्हणायला वेळ कुठला?"

"मला लढाई नाही जिंकायची," हिल्के म्हणाली. "मला माझा माणूस घरात हवाय. येतोस का?"

"मला बघून भडकला तर?"

"त्याला ते भांडण आठवतसुद्धा नाही रे."

हिनर्कचा चेहरा एकदम उतरला. "मला आठवतं ना," तो म्हणाला. "आता माफी मागू कुणाची?"

दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली. वीब्रनने कॉफी संपवली होती, बूट चढवले होते आणि कडीला हात घातला होता. हिनर्क दारातच टाचा जुळवून उभा राहिला.

"हिनर्क!" वीब्रनचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत तो हिल्केकडे बघून असा हसला नव्हता. "उशीर केलास की रे. आणि केस कुठे गेले तुझे?"

"सरकारजमा झाले," हिनर्क म्हणाला. तो मोडक्यातोडक्या, छावणीतल्या डचमध्ये बोलत होता. "सार्जंटसाहेब, एक विनंती होती. आजचा पहारा आपण या खिडकीतून द्याल का? इथून रस्ता चांगला दिसतो."

वीब्रनने खिडकीकडे पाहिलं. विचार केला. कडीवरचा हात काढला.

"तुमचं म्हणणं मला मान्य आहे," तो म्हणाला. "पण घर या बाईंचं दिसतंय. त्यांनी म्हटल्याशिवाय परक्या घरात तळ कसा ठोकायचा? शिस्त आहे की नाही काही?"

दोघांनी हिल्केकडे पाहिलं.

"अरे, बस ना रे तू," तिच्या तोंडून गेलंच.

वीब्रनचा चेहरा आवळला. हात परत कडीवर गेला. हिनर्कने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, तिला काय सोडून द्यावं लागणार आहे ते. इकडे 'तू' असं फुकट मिळत नाही. बर्फ वितळल्यावर पुढे कितीतरी महिने ती दोघं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होती. मग गावच्या जत्रेत, नाचाच्या मांडवाबाहेर, त्याने इकडच्या रीतीप्रमाणे तिच्या कोपरात कोपर अडकवला, दोघांनी आपापला पेला एका दमात रिकामा केला, आणि त्या क्षणापासून 'तू' झालं. ती त्या रात्री घरी जाताना अंधारात उगीचच 'तू, तू' म्हणत गेली होती. लग्नात काय ते अंगठीचं झालं असेल, पण हिल्केच्या लेखी लग्न तेव्हाच लागलं होतं.

तिने एप्रनला हात पुसले. सरळ उभी राहिली.

"सार्जंटसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही... तुम्ही आज इथेच थांबाल का? मला फार बरं वाटेल."

वीब्रनने टोपी काढली. "बाई, तुम्ही इतक्या अगत्याने म्हणताय, तर थांबतो."

आणि तो बसला. ज्या बुटांसाठी ती रोज त्याच्याशी झटापट करायची, ते त्याने स्वतः वाकून काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि विचारलं, पावावर घालायला चॉकलेटचे दाणे मिळतील का, डच माणसाला त्यांच्याशिवाय चालत नाही. हिल्केने पाव आणला. हिनर्क समोर बसला आणि दोघं खिडकीतून मोकळ्या रस्त्यावर पहारा देऊ लागले. मध्येच हिनर्क पुटपुटला, "वीब्रन, मी तुला एकदा पाहुणा म्हणालो होतो."

"मग? आहेच की मी पाहुणा," वीब्रन तोंडात घास घेऊन म्हणाला. "आणि या बाई फार चांगल्या आहेत."

हिल्के बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने योर्नला फोन लावला. "सोमवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "म्हणजे ये, पण गाडीत त्याला घालायला नको. जेवायला ये." तो बरंच काही बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

निघताना हिनर्क पायरीवर थांबला. "मी रोज येईन. पण विचारावं तुलाच लागेल. घर तुझं आहे."

"विचारीन."

"इतक्या वर्षांची सवय गं. 'तू' येईल तोंडात."

"येईल."

"मग तो उठेल."

"नाही येऊ देणार," हिल्के म्हणाली.

दार लावून ती तिथेच जराशी उभी राहिली. आतून वीब्रनचं गुणगुणणं ऐकू येत होतं, कुठलंसं कवायतीचं गाणं. डोळ्यांना धार लागली होती, ती तिने पुसली नाही.

"तुम्ही बसा," ती स्वतःशीच हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही जेवा. तुम्हाला थंडी वाजतेय का?" जीभ दोनदा अडखळली. तिने ते पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, आणि मग ती आत गेली.